नॅनो म्हणजे काय, आणि काय नव्हे
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांचा हुकूम आहे, "नॅनो तंत्रज्ञानात आयुष्य घालवलंस, आता आम्हाला कळेल असं थोडक्यात सांग." प्रयत्न करतो.

एका मीटरचे शंभर कोटी भाग केले, तर त्यातला एक भाग म्हणजे नॅनोमीटर. आपला केस साधारण ८० हजार ते १ लाख नॅनोमीटर जाड असतो. पदार्थाचे कण १ ते १०० नॅनोमीटर इतके लहान झाले, की त्याचे वागणे बदलते. पिवळ्या सोन्याचे असे कण पाण्यात विखुरले, तर पाणी लाल दिसते. मायकेल फॅरेडेने १८५७ साली या लाल सोन्यावर निबंध लिहिला होता.

दुसरी गोष्ट पृष्ठभागाची. आपले विज्ञानाचे सर खडू मोडून विचारायचे, "तुकडे केले, काय वाढलं?" मागच्या बाकावरून उत्तर यायचे, "कचरा!" बरोबर उत्तर होते पृष्ठफळ. १ सेंटीमीटर बाजूच्या घनाचे पृष्ठफळ ६ चौरस सेंटीमीटर. त्याचेच १ नॅनोमीटर बाजूचे घन केले, तर ते ६,००० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ दीड एकर भरते! म्हणून चिमूटभर पदार्थ मोठे काम करतो. आयआयटी मद्रासमध्ये प्रा. टी. प्रदीप यांच्या गटाने पाण्यातली कीटकनाशके आणि आर्सेनिक काढणारे नॅनोपदार्थ तयार केले. कोविडच्या एमआरएनए लशींतला नाजूक रेणू मेदाच्या नॅनोकणांत गुंडाळूनच पेशीपर्यंत पोहोचला.

आता माझी चूक सांगतो. आपल्यातल्या एका शेतकरी मित्राचा फोन आला, "अरे, युरियाच्या गोणीऐवजी नॅनो युरियाची बाटली मारू का?" माझ्या विषयाचे नाव ऐकून मी फुशारलो आणि म्हणालो, "बिनधास्त मार."

रात्री झोप लागेना. कागद घेतला. ४५ किलोच्या गोणीत ४६ टक्के नत्र, म्हणजे २०.७ किलो. २०२१ साली बाजारात आलेल्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत ४ टक्के, म्हणजे २० ग्रॅम. हजारपट फरक! गोणीतले दोन तृतीयांश नत्र वाया गेले असे धरले, तरी पिकाला जवळजवळ ७ किलो मिळते. बाटलीतले सगळे लागू पडले, तरी २० ग्रॅमच. तुकडे केल्याने पृष्ठफळ वाढते, वजन नाही. पुढे लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठाच्या भात-गव्हाच्या चाचण्यांत, नेहमीचे नत्र कमी करून ही फवारणी केल्यावर उत्पादन घटलेले दिसले. उत्पादकांचे म्हणणे वेगळे आहे आणि वाद मिटलेला नाही. पण माझा मित्र वर्षाचे पीक पणाला लावणार होता, तेही माझ्या शब्दावर.

सकाळी उजाडताच मी फोन केला. "थांब. गोणी बंद करू नकोस. फारतर दोन गुंठ्यांवर करून बघ आणि वजन करून ठेव." तो हसला, "म्हणजे सर म्हणायचे तेच की! आधी आकडेमोड, मग उत्तर."

मित्रहो, या शास्त्राकडून मला अजूनही फार आशा आहे. पण डब्यावर 'नॅनो' शब्द दिसला की दोन प्रश्न विचारा : आत नेमके किती आहे, आणि कोणी मोजले? हे प्रश्न विचारायला मला प्रयोगशाळेने नव्हे, या शाळेने शिकवले. एका रात्रीपुरता मी ते विसरलो होतो. सर, त्याबद्दल अर्धा गुण कापा.