दिंडीची गाडी
(शताब्दी सोहळ्यात रेडी येथे केलेले भाषण)



मी चौथी शिकलेला शेतकरी माणूस. कीर्तनाला उभा राहतो, म्हणून मंडळी म्हणाली, दिंडीच्या गाडीवर तूच बोल. तर बोलतो.

आमच्या बाबांनी जुना टाटा-मर्सिडीज ट्रक घेतला तेव्हा आपला जिल्हा रत्नागिरी होता. सिंधुदुर्ग १९८१ साली झाला. पुढे नाक आलेली गाडी, नाकावर तीन टोकांचा तारा. टाटांचा जर्मन कंपनीशी १९५४ साली करार झाला होता. तो १९६९ साली संपला नि नव्या गाड्यांवरचा तारा गेला. आमच्या गाडीवर मात्र तो राहिला, खाणीच्या मातीनं तांबडा झालेला.

वर्षभर गाडी रेडीच्या खाणीतली लोखंडाची माती बंदरावर ओढायची. मी चौथीनंतर शाळा सोडली नि तिच्यावर क्लीनर झालो. १९७६ साली इथल्या खाणीत द्विभुज गणपतीची मूर्ती सापडली, तीसुद्धा एका ट्रक ड्रायव्हरच्या स्वप्नात देव आला म्हणून, असं आपण सगळे सांगतो. तेव्हापासून बाबा गाडी सुरू करण्याआधी तिकडे हात जोडायचे.

आषाढीला आपल्याकडे लावणीची घाई, म्हणून आपली वारी कार्तिकीची. भात घरात आलं की बाबा गाडी धुवायचे. तांदूळ, कुळीथ, मोठे टोप, राहुट्या, म्हाताऱ्यांची गाठोडी, सगळं तिच्यात. आंबोली घाटात रेडिएटर उकळायचा. मी उडी मारून चाकाखाली दगड लावायचा नि झऱ्याचं पाणी आणायचं.

एका वर्षी नेमकं वारीच्या दिवसांत खाणीचं दुप्पट भाडं आलं. मी म्हटलं, घेऊया. बाबा म्हणाले, "झिला, ह्या दिसांत गाडी आपली न्हय, इठोबाची."

बाबा गेले. गाडी मांगराकडे उभी राहून गंजली. धाकटा भाऊ तेव्हा गोव्यात कामाला. मी त्याला न विचारता गाडी भंगारात घातली. तो चतुर्थीला आला, रिकामी जागा बघितली नि एवढंच बोलला, "पैशे तुका ऱ्हवांदेत. माका इचारूचा तरी होता."

त्यानंतर अकरा वर्षं आम्ही बोललो नाही. दोघंही ह्याच दिंडीत चालायचो. भजन संपल्यावर सगळे एकमेकांच्या पाया पडतात, तेव्हा मी मुद्दाम दुसऱ्या ओळीत सरकायचो. रात्री कीर्तनात मीच लोकांना सांगायचो, अहंकार सोडा!

शेवटी एका कार्तिकीला चंद्रभागेच्या वाळवंटात मला सरकायला जागा मिळाली नाही. तो समोर आला नि वाकला. माझे पाय थरथरले. मीही वाकलो. दोघांची डोकी एकमेकांवर आपटली नि आम्ही हसलो. पण "चुकलो" हा शब्द माझ्या तोंडातून तेव्हाही आला नाही.

तो आज समोर बसला आहे. बाबू, मी चुकलो. गाडी आपल्या दोघांची होती, आणि दिंडीचीही.

आज दाखवायला त्या गाडीचा एक नटसुद्धा नाही. म्हणून ही आठवण पुस्तकात छापा म्हटलं. तरुण माऊलींनो, घरातली जुनी वस्तू काढायची तर काढा, लोखंड गंजतंच. पण आधी भावाला विचारा. भंगाराचे पैसे महिन्याभरात संपतात, अबोला संपत नाही.

रामकृष्ण हरी!