वाटेतच गाठायचं!



कर्करोगाची गाठ अनेकदा काढता येते.
खरी भीती असते रोग पसरण्याची.
गाठीतून सुटलेल्या काही पेशी रक्तात शिरतात…
आणि फुप्फुसात, यकृतात, हाडांत जाऊन रुजतात.

या पेशींना वाटेतच गाठलं तर?

अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात मायकेल किंग आणि सहकाऱ्यांनी हेच करून पाहिलं.
हे संशोधन 2014 साली प्रसिद्ध झालं.

त्यांनी मेदाचे अतिसूक्ष्म कण घेतले. नॅनोकण.
त्यांवर दोन प्रथिनं बसवली.
एक प्रथिन रक्तातल्या पांढऱ्या पेशींना चिकटतं.
दुसऱ्याचं नाव ट्रेल.
ते कर्करोगाच्या पेशीला मरणाचा हुकूम देतं.
म्हणजे पांढरी पेशी झाली गस्तीवरचा शिपाई…
आणि हत्यार तिच्या अंगावरच!

गंमत पाहा.
साध्या क्षारद्रावणापेक्षा वाहत्या रक्तात हा उपाय कितीतरी प्रभावी ठरला.
प्रवाहात पेशी एकमेकींवर आदळतात ना!
उंदरांच्या रक्तातल्या भटक्या पेशीही मेल्या.

पुन्हा सांगते.
हा हल्ला गाठीवर नाही.
रक्तातून प्रवास करणाऱ्या पेशींवर आहे.

पण हे प्रयोग प्रयोगशाळेतले आणि उंदरांवरचे, बरं का!
त्यामुळे चालू उपचार सोडून याची वाट पाहत बसू नका.