शिक्षणातील अध्यात्म आणि आमचे भावी गुरुजी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



विषय ऐकून काही जणींना कीर्तनाची आठवण झाली असेल. तो माझा अधिकार नव्हे. मी शिक्षक होऊ पाहणाऱ्या मुलामुलींना शिकविते. त्यांच्या वह्यांत जे वाचले तेवढेच सांगते.

शिक्षणात अध्यात्म म्हणजे काय, असे मी त्यांना लिहावयास सांगितले. बहुतेकांनी लिहिले : परिपाठ, प्रार्थना, मौन, संतांच्या गोष्टी. एकाने मात्र विचारले, “बाई, सरकारी शाळेत हे चालते का?” प्रश्न रास्त आहे. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण देऊ नये, असे आपल्या घटनेचे २८ वे कलम सांगते. तरी १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने नैतिक व आध्यात्मिक मूल्यांचे शिक्षण हवे असे म्हटलेच. म्हणजे ही गोष्ट धर्मशिक्षणाहून वेगळी असली पाहिजे.

ती शोधावयास लांब जायला नको. अमळनेर आपल्या खानदेशातलेच. तेथील प्रताप हायस्कुलात १९२४ ते १९३० साने गुरुजी शिक्षक होते. त्याआधी तत्त्वज्ञान मंदिरात त्यांनी तत्त्वज्ञानाचा अभ्यास केला होता. पण छात्रालयात ते मुलांच्या खोल्या झाडीत, अंथरुणे आवरीत, आजाऱ्याची शुश्रूषा करीत. माझ्या मते त्यांचे अध्यात्म ग्रंथांपेक्षा त्या केरसुणीत अधिक होते. आमच्या विद्यार्थ्यांना हे अगदी पटते, फक्त वर्ग झाडण्याची पाळी येईपर्यंत!

आता आपल्या जिल्ह्याकडे पाहा. धडगाव-अक्कलकुव्याकडचे पोर घरी पावरी नाही तर भिली बोलते. पहिलीतल्या पुस्तकाची मराठी त्याला परकी. म्हणून ते गप्प बसते. आमचे भावी गुरुजी वहीत शेरा मारतात, “मुले मंद आहेत.” सकाळी प्रार्थना मात्र सुरात म्हणवून घेतलेली असते. ज्याच्या ठायी देव आहे म्हणायचे, त्याचीच बोली गावंढळ ठरवायची, हे कसे काय?

एका विद्यार्थिनीने सराव पाठाआधी मुलांच्या एका आजीकडून भांड्यांची, जनावरांची पावरी नावे लिहून घेतली. वर्गात तिने कोंबडीचे नाव चुकीचे उच्चारले. सारी मुले हसली, आणि तीन दिवस तोंड न उघडलेल्या पोरीने ते दुरुस्त करून दिले! या विद्यार्थिनीच्या वहीत ‘अध्यात्म’ या प्रश्नाखाली दोनच ओळी होत्या, त्याही खोडलेल्या.

आपल्या मंडळात पावरी, भिली, मावची बोलणाऱ्या भगिनी आहेत. शनिवारी दुपारी तासभर त्या आमच्याकडे येतील का? मानधन देता येणार नाही, चहा मिळेल. नावे चिटणीसबाईंकडे द्यावीत.