स्टिअरिंगच्या खांबातील वीज

जुन्या मोटारीच्या विजेत बिघाड झाला की माणूस आधी बल्ब बदलतो, मग फ्यूज बदलतो, आणि एवढ्यानेही भागले नाही म्हणजे दोष तारांत कोठेतरी आहे असे म्हणून हात टेकतो. १९७३ ते १९८७ या मालिकेतील अमेरिकन शेव्हरोले पिकअप ट्रकमध्ये हे 'कोठेतरी' पुष्कळदा चालकाच्या पुढ्यातच असते. वळणाच्या दिव्यांचा स्विच, हॉर्नची तार आणि किल्लीचे कुलूप एवढे सारे स्टिअरिंगच्या पोकळ खांबात कोंबलेले आहे.

श्रोतेहो, एक चमत्कारिक प्रकार पाहा. मागचा उजवा दिवा रात्री मंद जळतो, वळताना उघडझापही करतो; परंतु ब्रेक दाबला तर उजळत नाही. आपल्याकडच्या गाड्यांवर हात बसलेला मेकॅनिक लगेच ब्रेकचा बल्ब मागवील. कारण येथे वळणाचा दिवा पिवळा व ब्रेकचा तांबडा, असे दोन निराळे असतात. या ट्रकमध्ये मात्र एकच प्रखर फिलामेंट दोन्ही कामे करते. ब्रेकच्या स्विचमधून निघालेला प्रवाह पांढऱ्या तारेने खांबात चढतो, वळणाच्या स्विचमध्ये दुभंगतो, आणि पिवळ्या तारेने डाव्या व गडद हिरव्या तारेने उजव्या दिव्याकडे जातो. वळणाची खूण देताच हा स्विच त्या बाजूचा ब्रेकचा प्रवाह तोडून तेथे उघडझापीचा प्रवाह जोडतो. तेव्हा उघडझाप होते त्या अर्थी बल्ब, मागपर्यंतची तार आणि अर्थिंग ही तिन्ही निर्दोष ठरली. डाव्या बाजूस ब्रेकचा दिवा उजळत असेल, तर पांढऱ्या तारेपर्यंतही सारे ठीक. उरला तो स्विचमधला झिजलेला संपर्क. एकही स्क्रू न काढता एवढे कळते. तोवर मागून येणाऱ्या चालकास मात्र हा ट्रक थांबतो आहे की डावीकडे वळतो आहे याचा उलगडा होत नाही. आणि त्याच्यापाशी विचाराला क्षणभरच वेळ असतो.

हॉर्नची तऱ्हा निराळी. त्याच्या रिलेला बॅटरीचा प्रवाह आधीच पोचलेला असतो. बटण दाबले की खांबातील काळी तार धातूस जोडली जाते व मार्ग पुरा होतो. चाक वळवताना हॉर्न आपोआप वाजू लागला, तर ती तार किंवा तिचा फिरता संपर्क भलतीकडेच टेकतो आहे असे समजावे.

किल्लीचे कुलूप वर असले, तरी खरा स्विच खाली, डॅशबोर्डच्या आड खांबावर बसवलेला असतो. दोहोंना एक दांडी जोडते. वर-खाली करता येणाऱ्या खांबाचे आतील बोल्ट सैल होतात, ही या ट्रकांची जुनी खोड. किल्ली फिरते आणि इंजिन ढिम्म राहते, तेव्हा नवे कुलूप विकत घेण्यापूर्वी ती दांडी स्विचला पुरते सरकवते की नाही, हे पाहावे.

मीटरने बारा व्होल्ट दाखवले म्हणून निश्चिंत होऊ नये. जळक्या संपर्कातूनही मीटरपुरता प्रवाह जातो. बल्बला तो पुरत नाही. दिवा चालू ठेवून स्विचच्या दोन्ही टोकांस मीटर लावावा. अर्ध्या व्होल्टाहून अधिक दिसल्यास वीज तेथेच खर्ची पडत आहे. खांब वर-खाली करताना आकडा हलला, तर तार आत कोठे घासली आहे त्याचा माग लागतो. चाक उतरवण्याची वेळ आलीच, तर प्रथम बॅटरीची ऋण बाजूची तार सोडावी.