घोड्याखालचें अक्षर

अंधेरी-घाटकोपरच्या एखाद्या घरांत आजीच्या पेटींतली गिनी नातीच्या लग्नासाठीं आटवावयास निघते, तेव्हां सराफ तिचा कस नि वजन पाहतो. सन कोणी पाहत नाहीं. पहिल्या महायुद्धांत समुद्रमार्गें सोनें आणणें धोक्याचें झाल्यामुळें १९१८ सालीं मुंबईच्या टांकसाळींत गिन्या पाडल्या गेल्या. घोड्याच्या पायांखालीं, सनाच्या वर ‘आय’ हें चिमुकलें इंग्रजी अक्षर असेल, तर ती गिनी मुंबईची. त्याच सालीं, त्याच वजनाची व कसाची पंधरा रुपयांची मोहरही येथेंच निघाली. ती अधिक दुर्मिळ. असें नाणें घासूं नये. कडेनें धरावें, वजन सुमारें ७.९८ ग्रॅम भरतें कीं नाहीं हें ताडून पाहावें, मगच निर्णय करावा. सोनें पुन्हां विकत घेतां येतें. आटलेलें नाणें परत येत नाहीं.