राजा सर टी. माधवराव
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



ज्ञातीतील एका थोर पुरुषाचे पुण्यस्मरण करावे, अशी मंडळाची आज्ञा झाली, म्हणून मी राजा सर टी. माधवराव यांची निवड केली. त्यांचे नाव आपण अभिमानाने घेतो. परंतु त्यांनी नेमके केले काय, असे आपल्या मुलांनी विचारल्यास आपल्यापैकी किती जणांना उत्तर देता येईल, याची मला शंका आहे.

माधवरावांचा जन्म १८२८ साली कुंभकोणम् येथे, तंजावर प्रांतात स्थिरावलेल्या एका देशस्थ मराठी घराण्यात झाला. चुलते व्यंकटराव व वडील रंगराव या दोघांनीही त्रावणकोरची दिवाणगिरी भूषविली होती. मद्रासच्या हायस्कुलात पॉवेलसाहेबांच्या हाताखाली त्यांचे शिक्षण झाले. १८४९ साली ते त्रावणकोरच्या राजपुत्रांचे शिक्षक झाले आणि वयाच्या तिशीच्या सुमारास तेथील दिवाण. दरबाराचे दार आप्तांच्या पुण्याईने उघडले असेल. पण रिता खजिना आप्तांच्या पुण्याईने भरत नाही.

तो खजिना खरोखरच रिता होता. राज्य खालसा करण्याची धमकी लॉर्ड डलहौसीने देऊन ठेवली होती. माधवरावांनी मिरी व तंबाखू यांचे सरकारी मक्ते मोडले, जाचक कर उठविले आणि १८६३ पर्यंत राज्याचे कर्ज फेडले. १८६५ च्या जाहीरनाम्याने सरकारी जमिनी कसणाऱ्या कुळांना त्या जमिनींवर मालकी हक्क मिळाला. कर कमी करूनही उत्पन्न वाढते, हे त्यांनी आकड्यांनी सिद्ध केले.

येथे एक अप्रिय गोष्ट सांगणे मी कर्तव्य समजतो. त्या काळी त्रावणकोरात चन्नार स्त्रियांना उच्चवर्णीयांप्रमाणे अंगभर वस्त्र घेण्यास मनाई होती. १८५८-५९ साली त्यावरून दंगे उसळले, तेव्हा माधवरावांच्या सरकारने प्रथम जुन्या निर्बंधांचीच पाठराखण केली. मद्रास सरकारचे दडपण आले, तेव्हा २६ जुलै १८५९ रोजी बंदी सैल झाली. तीही उच्चवर्णीय स्त्रियांसारखा पेहराव न करण्याच्या अटीवर. जमाखर्चात एवढी दूरदृष्टी असलेल्या पुरुषाची दृष्टी येथे आपल्या वर्णाच्या कुंपणापलीकडे गेली नाही. त्यांच्या गुणांचा वारसा सांगणाऱ्या आपण या उणिवेचाही वारसा ओळखला पाहिजे.

१८७२ मध्ये महाराजांशी मतभेद होऊन त्यांनी पद सोडले. पुढे काही काळ होळकरांच्या इंदुरात दिवाणगिरी करून १८७५ साली ते बडोद्यास आले. मल्हारराव गायकवाड पदच्युत झाले होते, आणि नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा बारा वर्षांचा एक निरक्षर मुलगा दत्तक होऊन गादीवर बसला होता. तेच पुढचे श्रीमंत सयाजीराव महाराज. त्यांच्या अज्ञानपणी माधवरावांनी कारभार सावरला, न्यायालयांची घडी बसविली, शाळा काढल्या. १८८१ मध्ये त्यांनी या तरुण राजास जी व्याख्याने दिली, ती ‘मायनर हिंट्स’ या नावाने प्रसिद्ध आहेत. रयतेच्या सुखासाठीच राजसत्ता असते आणि राजवाड्याच्या खर्चाला मर्यादा हवी, हे त्यांचे सार. राजाच्या पगारी दिवाणाने राजालाच त्याच्या मर्यादा समजावून सांगाव्या, यास धैर्य लागते!

याच शिष्याने पुढे १९०६ साली आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, आणि १९१३ साली डॉ. आंबेडकरांना परदेशी शिक्षणासाठी शिष्यवृत्ती दिली. जे कुंपण गुरूला ओलांडता आले नाही, ते शिष्याने ओलांडले. गुरूला याहून मोठी दक्षिणा ती कोणती?

१८८२ साली माधवराव निवृत्त झाले. १८८७ मध्ये मद्रासला भरलेल्या राष्ट्रसभेचे ते स्वागताध्यक्ष होते. ४ एप्रिल १८९१ रोजी त्यांचे देहावसान झाले.

तिरुवनंतपुरम् येथे सचिवालयासमोर त्यांचा पुतळा आहे. तो चौक ‘स्टॅच्यू’ या नावानेच ओळखला जातो; पुतळा कोणाचा, हे नावात उरलेले नाही. ज्ञातीचा अभिमानही असाच चौक होऊ नये, एवढीच माझी प्रार्थना आहे. आपल्या मुलांना माधवरावांचे नाव सांगा, त्यांचे काम सांगा आणि जे त्यांच्या हातून राहिले, तेही सांगा; कारण ते पुरे करणे आपल्याकडे आहे.