मागील बाकी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

परंडा म्हटले की लोक तिथल्या भुईकोट किल्ल्याविषयी विचारतात. गावाचा इतिहास सांगताना किल्ले येतात, देवळे येतात, पुढारी येतात. ज्याच्याकडे गावाच्या रोजच्या जगण्याचा हिशेब असतो, तो किराणा दुकानदार मात्र कुठेच येत नाही. कुणाकडे पाहुणे आले आणि कुणाची चूल पेटली नाही, हे त्याला सर्वांआधी कळते. आज मी अशाच एका दुकानदाराविषयी बोलणार आहे. ते माझे वडील. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. २०१९ साली, वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी ते गेले. त्यांतली साठ वर्षे त्यांनी गल्ल्यावर बसून काढली.

अण्णा चौदाव्या वर्षी आजोबांच्या हाताखाली दुकानात आले, तेव्हा परंडा निजामाच्या राज्यात होते आणि शेजारची बार्शी इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात. माल बार्शीहून यायचा. वाटेत करोडगिरीचा नाका, तिथे जकात. गावात चालायचा निजामाचा हाली सिक्का, बार्शीचा व्यापारी मागायचा इंग्रजी कलदार. दोन्हींची किंमत वेगळी. त्यामुळे पोरवयातच त्यांचे तोंडी हिशेब पक्के झाले. आम्हा पाच भावंडांकडून पावकी, निमकी, सवायकी, दिडकी त्यांनीच घोकून घेतली, तीही पोत्यावर बसवून, गिऱ्हाईक नसेल त्या वेळात.

१९४८च्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थान मुक्त झाले, यथावकाश नाकाही उठला. पण दुकानदाराच्या खऱ्या परीक्षा पुढेच होत्या. १ एप्रिल १९५७ रोजी नवे पैसे आले. एका आण्याचे सहा पैसे, दोन आण्यांचे बारा आणि तीन आण्यांचे मात्र एकोणीस! ‘हा एक पैसा कुठनं वाढला?’ म्हणून बायाबापड्या भांडायच्या. पाठोपाठ शेर जाऊन किलो आला. ऐंशी तोळ्यांचा शेर म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम. किलो त्याहून मोठा, म्हणून भावही थोडा जास्त. लोकांना वाटे, वाण्याने भाव चढवला. अण्णा मग तागडीच्या एका पारड्यात किलो ठेवत, दुसऱ्यात जुना शेर, आणि पारडी बरोबर होईपर्यंत शेराच्या बाजूला साखर टाकत. ‘एवढी साखर तुला जादा मिळती, तिचे पैसे आहेत हे,’ म्हणत. त्या दिवसांत अडाणी गिऱ्हाइकाला फसवणे फार सोपे होते. अण्णांच्या दुकानावर गावाचा विश्वास बसला तो तेव्हा.

घरात आमची आई, जिला आम्ही बाई म्हणायचो, हे दुकानाचे दुसरे माणूस होते. दुपारी ती डाळ निवडायची, रात्री रद्दीच्या पुड्या बांधायची. चहाची, हळदीची, जिऱ्याची. दुकानाच्या पाटीवर तिचे नाव नव्हते, हिशेबात तिची मजुरी नव्हती.

मग १९७२चा दुष्काळ आला. विहिरी आटल्या, जनावरे दावणीला राहिली नाहीत. लोक खडी फोडायला, पाझर तलावाच्या कामावर जाऊ लागले. अमेरिकेतून आलेली तांबडी मिलो ज्वारी खाऊन माणसे जगली. पण कामाचा पगार हातात पडायला कधी पंधरवडा लागायचा, कधी महिना. तोवर तेल, मीठ, मिरची कुठून आणायची? दुकानातून, उधारीवर. अण्णा देत गेले. वही भरत गेली आणि गल्ला रिकामा होत गेला. बार्शीच्या घाऊक व्यापाऱ्याची उधारी काही थांबणारी नव्हती. शेवटी अण्णांनी बाईजवळ तिच्या चार पाटल्यांचा विषय काढला. ती दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी पाटल्या काढून त्यांच्यापुढे ठेवल्या आणि म्हणाली, ‘उधार बंद केलं तर लोक जातील, आन् लोक गेल्यावर दुकान कुणासाठी उघडायचं?’ त्यात त्यागाचा आव नव्हता. तिनेही हिशेबच केला होता.

पुढच्या साली पाऊस झाला. कुणी ज्वारी घातली, कुणी कडबा दिला, कुणी पाच-पाच रुपयांनी फेडले. काही कुटुंबे पुण्या-मुंबईला गेली ती गेलीच. अण्णा वसुलीला कुणाच्या दारात गेले नाहीत. पाटल्या मात्र सुटल्या नाहीत.

दिवाळीच्या पाडव्याला नवी वही सुरू व्हायची आणि तिच्यात मागील बाकी ओढली जायची. ज्यांच्याकडून काही येणार नाही हे कळून चुकले होते, त्यांची नावे अण्णांनी हळूहळू नव्या वहीत घेणे सोडले. पण देण्याच्या बाजूला एक ओळ दरवर्षी असायची : ‘बाई, पाटल्या ४.’ १९८१ साली त्यांनी दोन पाटल्या करून आणल्या, तेव्हा चारचे दोन झाले. थोरल्या बहिणीच्या लग्नाची देणी, धाकट्या भावाचे शिक्षण यांत उरलेल्या दोन राहून गेल्या. बाई २००१ साली गेली. पुढच्या वर्षी अण्णांनी दुकान बंद केले. शेवटच्या वहीतही ती ओळ होती.

अण्णा गेल्यावर भेटायला आलेली माणसे म्हणत होती, ‘अण्णांनी बहात्तर साली आम्हाला जगवलं.’ ते खरे आहे. पण दुकानदाराच्या औदार्याचा पैसा त्याच्या घरातून येतो. मुलांच्या कपड्यांतून, बायकोच्या अंगावरून येतो. अण्णांना हे ठाऊक होते, म्हणून तर त्यांनी ते लिहून ठेवले. लोकांची बाकी त्यांनी सोडली, स्वतःकडची सोडली नाही.

आता दुकानात मोबाइलवरून पैसे जातात, मालाच्या पुड्या बांधाव्या लागत नाहीत, आणि उधारीची वही फार थोड्या ठिकाणी दिसते. सोय झाली, त्याबद्दल तक्रार नाही. मात्र तुमच्या गावातल्या एखाद्या जुन्या दुकानदाराविषयी चांगले बोलाल, तेव्हा त्याच्या घरात रात्री पुड्या कोण बांधत होते, तेही एकदा विचारा.